कल्याणच्या प्यूजोची निगा

प्यूजो ३०९ कल्याणच्या कारखान्यातून रस्त्यावर आली, तेव्हा तिच्या दुरुस्तीला जे हात लागले ते प्रीमियर पद्मिनीवर तयार झालेले होते. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. बिडाचा ब्लॉक, टायमिंगला चेन, मागच्या बाजूला पाटे. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी, सांध्यांना ग्रीस, आणि आवाज आलाच तर ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’. एवढ्या भांडवलावर ती मुंबईत टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावली. प्रीमियरच्याच घरातली पुढची गाडी म्हणून ३०९ लाही तोच उपचार मिळाला आणि तिचं नाव खराब झालं. गाडी हीट होते, हेड जातं, मागची चाकं वाकडी होतात, पार्ट मिळत नाहीत, या चारही तक्रारी खऱ्या आहेत. मात्र पहिल्या तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा त्या पद्मिनीच्या सवयींत सापडतं. चौथीवर उपाय आहे, फक्त पार्ट कुठल्या नावानं मागायचा ते माहीत हवं.

म्हणून आधी थोडी कुंडली. १९७८ साली प्यूजोनं क्रायस्लरचा युरोपातला धंदा विकत घेतला. तिथं आखलेली एक गाडी टॅल्बो ॲरिझोना या नावानं यायची होती. ती अखेर १९८५ मध्ये प्यूजो ३०९ म्हणून बाहेर पडली. खर्च वाचवण्यासाठी तिला प्यूजो २०५ चा सांगाडा दिला होता. पुढची दारंसुद्धा २०५ चीच. प्रीमियर आणि प्यूजो यांच्या भागीदारीतून नव्वदच्या दशकाच्या मध्याला ती कल्याणला बनू लागली. १३६० सीसीचं पेट्रोल आणि १५२७ सीसीचं डिझेल अशी दोन इंजिनं होती. कामगारांचा संप आणि भागीदारीतला बेबनाव यांत हे प्रकरण काही वर्षांतच आटोपलं. आज ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याकडे बहुधा वडिलांची म्हणून आहे, किंवा कुणाच्या तरी सोसायटीत ताडपत्रीखाली दिसली आणि राहवलं नाही म्हणून.

या कुंडलीचा उपयोग पार्ट शोधताना होतो. मागचा ॲक्सल आणि सस्पेन्शनचा बराच भाग २०५ शी नातं सांगतो. इंजिन प्यूजोच्या टीयू घराण्यातलं आहे, आणि त्या घराण्याची इंजिनं प्यूजो १०६ आणि सिट्रोएन एएक्समध्येही बसली. डिझेलवाल्यांचं नशीब आणखी चांगलं. हेच १५२७ सीसीचं टीयूडी-५ इंजिन पुढे मारुतीनं झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये वापरलं. तेव्हा पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन ‘प्यूजोचा टायमिंग बेल्ट आहे का’ असं विचारलंत, तर दुकानदार मान हलवेल. ‘झेन डिझेलचा दाखवा’ म्हणालात तर निदान दोन खोकी काउंटरवर येतील. मग जुना बेल्ट शेजारी ठेवून दात मोजा, रुंदी मोजा. इंजिनाच्या पोटातले भाग जुळण्याची शक्यता जास्त. बाहेर लटकलेले भाग, म्हणजे माउंटिंग, मॅनिफोल्ड, होज पाइप, दोन्ही गाड्यांत वेगळे असतात. जुना पार्ट काढून हातात असल्याशिवाय नवा विकत घेऊ नका, आणि नवा बसून गाडी चालेपर्यंत जुना भंगारात टाकू नका. कामाचं एखादं जुनं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. २०५ चं, ३०९ चं, कुठलंही चालेल. मिस्त्री हसेल, हसू द्या.

पाणी

या गाडीच्या आयुष्याचा निकाल रेडिएटरमध्ये लागतो, म्हणून इथं वेळ घालवा.

टीयू पेट्रोल इंजिनं अॅल्युमिनियमच्या ब्लॉकची निघाली तशी बिडाच्या ब्लॉकचीही निघाली. तुमच्या गाडीत काय आहे हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. ब्लॉकच्या अंगाला चुंबक लावा. चिकटला तर बीड. नाही चिकटला तर अॅल्युमिनियम, आणि मग आत ओले लायनर आहेत असं समजा. ओले म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळतं. ते खाली सीलवर टेकतात आणि वरून हेडच्या दाबानं जागी राहतात. अशा इंजिनात बोअरवेलचं पाणी घालणं म्हणजे ब्लॉक आतून कुरतडायला देणं. हेड तर दोन्ही प्रकारांत अॅल्युमिनियमचंच असतं, त्यामुळे चुंबक चिकटला म्हणूनही नळाखाली बादली लावायची नाही.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला आणि दर दोन वर्षांनी बदला. ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो’ हा प्रश्न हमखास येईल. कूलंट आपल्याकडे गंज रोखायला आणि उकळबिंदू वर न्यायला लागतं. बर्फाशी आपलं काही देणंघेणं नाही.

दुसरी सवय त्याहून वाईट. गाडी हीट झाली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि ‘पाणी मोकळं फिरू दे’ म्हणायचं. थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली राहतो, मालक खूश होतो आणि मूळ दुखणं तसंच झाकलं जातं. इंजिन मात्र नीट तापत नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये इंधनाचा आणि पाण्याचा अंश साचतो, डिझेल सकाळी खडखडत राहतं. घाटात खरी परीक्षा होते तेव्हा काटा वर चढतोच. गाडी विकत घेतलीत की थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते उघडून बघा. नसला तर बसवा. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून ते तापवा, उघडतो की नाही ते समोर दिसेल.

आता हवा काढण्याचं काम. ३०९ ची निम्मी ‘हीटिंग’ इथंच संपते. हिच्या हीटरचे पाइप उंचावरून जातात. नुसतं वरून पाणी ओतलं तर तिथं आणि हेडपाशी हवेचा गोळा अडकतो. काटा एका क्षणी ठीक असतो, दुसऱ्या क्षणी लाल पट्टीत, आणि मिस्त्री वॉटर पंपाला दोष देतो. हवा काढायला कंपनीनंच छोटे स्क्रू दिलेले आहेत. एक हीटरच्या होजवर, फायरवॉलजवळ. एक थर्मोस्टॅटच्या घरावर. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातही असू शकतो, हात फिरवून बघा. अनेक गाड्यांत ते रंगानं किंवा गंजानं बुजलेले असतात किंवा कुणीतरी एमसीलनं लिंपलेले. ते मोकळे करून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. हीटरची खुंटी ‘गरम’वर पूर्ण फिरवा. स्क्रू उघडे ठेवा. बिसलेरीच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून तिचं तोंड भरण्याच्या जागी घट्ट बसेल असं करा, म्हणजे कूलंटची पातळी हीटरच्या वर राहते. हळूहळू ओता. एकेका स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद करा. मग इंजिन सुरू करून थोडं रेस ठेवा, पंखा लागून बंद होण्याचा फेरा दोनदा होऊ द्या, बंद करा, आणि इंजिन पुरतं थंड झाल्यावरच बाटली काढून पातळी बघा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. दाबाखालचं कूलंट तोंडावर येतं, आणि ते साध्या उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं.

पंखा लागतच नसेल तर रेडिएटरच्या कडेला असलेल्या स्विचची दोन टोकं वायरनं जोडून पाहा. पंखा फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर, या क्रमानं. आणि रेडिएटरचं झाकण स्वस्तातलं घेऊ नका. दाब धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे.

हेड

एवढं सगळं ठीक करूनही कसारा किंवा खंबाटकी चढताना काटा वर जात असेल, सकाळी थंड गाडीचे होज दगडासारखे कडक लागत असतील, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय रास्त आहे. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट साय दिसली म्हणून लगेच हेड उतरवायला घेऊ नका. पावसाळ्यात रोज घर ते स्टेशन एवढीच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइल ताकासारखं झालं असेल तर मात्र गाडी एक किलोमीटरही पुढं नेऊ नका.

ओल्या लायनरच्या इंजिनाचं हेड उचलण्याची रीत वेगळी आहे, आणि इथं मिस्त्रीच्या शेजारी उभं राहा. बोल्ट निघाल्यावर हेड सरळ वर ओढायचं नाही. गॅस्केट लायनरला चिकटलेलं असतं. ओढलं तर लायनर उचलले जातात, खालचं सील सुटतं, आणि मग एका गॅस्केटच्या कामाचं पूर्ण इंजिनाचं काम होतं. बोल्टच्या भोकांत दोन दांडे घालून हेड पुढं-मागं हलवत आधी चिकटा सोडवायचा, मगच उचलायचं. हेड निघालं की मोठे वॉशर आणि बोल्ट लावून लायनर दाबून ठेवायचे. तोवर क्रँक फिरवायचा नाही. लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर असावे लागतात. हा शतांश मिलिमीटरचा मामला आहे. बोट फिरवून कळत नाही, डायल गेज लागतं.

हेडचे बोल्ट कोनात आवळायचे असतात. आधी ठरलेला टॉर्क, मग पुस्तकात दिलेले अंश. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्या माणसाकडून बाकी सगळं करून घ्या, हे नको. बोल्ट ताणले जातात, म्हणून नवे घेणं बरं. डिझेलच्या गॅस्केटमध्ये जाडीचे प्रकार असतात, कडेच्या खाचांवरून ओळखता येतात. जुन्यावर जितक्या खाचा तितक्याच नव्यावर बघा, पिस्टन बदलले असतील तर पुन्हा मोजून ठरवा. आणि लेथवाल्याला हेड ‘जरा फेस करून दे’ असं मोघम सांगू नका. किती वाकलंय ते आधी मोजायला सांगा. वाकलं नसेल तर घासायचं कशाला?

बेल्ट

पद्मिनीच्या चेनला खडखड करण्याची तरी सोय होती. रबरी बेल्ट तुटण्याआधी काही सांगत नाही, आणि तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत किलोमीटर बघून उपयोग नाही. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा, आणि पुढं दर चार-पाच वर्षांनी बदला. वॉटर पंप याच बेल्टवर चालतो. त्यामुळे बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच. सहा महिन्यांनी पंप गळला म्हणून पुन्हा सगळं खोलायचं, त्यात शहाणपण नाही.

टायमिंगच्या खुणांसाठी व्हाइटनर लावण्याची गरज नाही. प्यूजोनं भोकंच दिलीत. फ्लायव्हीलमध्ये ६ मिमीची पिन जाते. पेट्रोलच्या कॅमच्या चाकाला १० मिमीची. डिझेलमध्ये कॅम आणि इंजेक्शन पंप दोन्हींची चाकं ८ मिमीच्या बोल्टनं जागी धरता येतात. खास टूल नसलं तर त्या मापाच्या ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू चालते. पिनांचं काम जागा दाखवण्याचं आहे. त्यांच्या भरवशावर बोल्ट सोडवू किंवा आवळू नका. बेल्ट चढवल्यावर पिना काढा, इंजिन पान्यानं, फिरण्याच्या दिशेनंच, काही पूर्ण फेरे फिरवा आणि पिना पुन्हा घालून बघा. सहज गेल्या तर जमलं. मधेच अडलं तर जोर लावू नका, थांबा.

एवढं खोललंच आहे तर पेट्रोलवाल्यांनी टॅपेट बघून घ्यावेत. थंड इंजिनावर इनलेट ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.४० मिमी. फिलर गेज, पाना, स्क्रू ड्रायव्हर, एक शांत सकाळ.

मागची वाकडी चाकं

गाडी सपाट जागी उभी करा आणि मागून लांब उभे राहून बघा. मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतात का? टायर आतल्या कडेला जास्त झिजलाय का? स्पीडब्रेकरवरून जाताना मागून जुन्या पलंगासारखं कुरकुरतं का? तिन्हींना ‘हो’ असेल तर तुमचा ॲक्सल गेलाय, अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन पैसे घालवू नका. मागच्या बाजूला कॅम्बर फिरवायला स्क्रूच नाही.

झालंय ते असं. मागच्या बाजूला आडवी नळी आहे. तिच्या दोन टोकांना एकेक आर्म आहे, आर्मच्या टोकाला चाक. आर्मचा शाफ्ट नळीत सुईसारख्या रोलरच्या बेअरिंगवर फिरतो. स्प्रिंगचं काम टॉर्शन बार करतात, म्हणजे पीळ खाणारे दोन आडवे दांडे. रचना अशी बेताची की डिकीत जागा भरपूर उरते आणि गाडी वळणावर छान बसते. दोष एकच. बाहेरचं सील म्हातारं झालं की पावसाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुतलं जातं, रोलर गंजतात आणि शाफ्ट खाऊ लागतात. पद्मिनीच्या मिस्त्रीला इथं ग्रीसचं निपल दिसत नाही, म्हणून तो इथं काही करायचंच नाही असं समजतो.

खात्री करण्यासाठी मागची बाजू उचला, स्टँडवर ठेवा, आणि चाक वर-खाली धरून हलवा. दुसऱ्याला खाली बघायला सांगा. चाक आर्मच्या मानानं हलत असेल तर साधं व्हील बेअरिंग. आर्मच नळीच्या मानानं हलत असेल तर आतलं काम. लवकर सापडलं तर बेअरिंग आणि सीलवर भागतं. शाफ्टवर रोलरचे चर पडले असतील तर शाफ्टही हवा. त्याहून उशीर झाला असेल तर नळीतली बेअरिंगची बैठकच लंबगोल होते. मग चांगल्या लेथवाल्याकडून स्लीव्ह बसवून घ्यावी लागते किंवा दुसरा ॲक्सल शोधावा लागतो. २०५ आणि ३०९ साठीचे बेअरिंगचे किट युरोपात आजही विकले जातात. मागवण्याआधी आपल्या शाफ्टचा व्यास मोजून कळवा.

काम करवून घेताना चार गोष्टींवर नजर ठेवा. काही सुटण्याआधी गाडीची उंची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा. बार काढण्यापूर्वी बार, आर्म आणि नळी यांवर मार्करनं नव्हे, पंचनं खुणा करा. डावा बार डाव्याच बाजूला, उजवा उजव्याच. पीळ ठरावीक दिशेनं खाल्लेला असतो, अदलाबदल चालत नाही. आणि बार अडकला तर गॅसचा जाळ लावू द्यायचा नाही. स्टीलचं पाणी उतरतं आणि मग तो बार कधी तुटेल सांगता येत नाही. खाचांवर गंज सोडवणारं तेल रोज थोडं थोडं सोडत आठवडाभर वाट बघा, मग बाराच्या टोकाच्या आट्यांत बोल्ट घालून झटका देणाऱ्या स्लाइड हॅमरनं ओढा. बसवताना शॉकॲब्सॉर्बरच्या जागी मापाची पट्टी लावून आर्म ठरलेल्या कोनात धरतात, म्हणजे उंची बरोबर येते. बारच्या दोन्ही टोकांना खाचांची संख्या वेगवेगळी असल्यानं बारीक फरकही जुळवता येतो. घाईत एक खाच चुकली की गाडी एका अंगानं कलते.

नळीला भोक पाडून ग्रीसचं निपल बसवण्याची टूम काही जण काढतात. मला ती पटत नाही. ग्रीस नळीच्या पोकळीत भरतं, बेअरिंगपर्यंत पोचेल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा चांगलं ग्रीस भरून नवी सील नीट बसवा आणि पाण्यानं भरलेल्या रस्त्यात गाडी घालू नका. ॲक्सल खाली आलाच आहे तर त्याचे रबरी माउंट, ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकच्या केबल बदलून टाका. पुन्हा एवढी मोकळी जागा मिळणार नाही.

बाकीचं

गिअर सापडत नाही, पहिल्याऐवजी तिसरा पडतो, ही तक्रार घेऊन गिअरबॉक्स खोलायला देऊ नका. आधी बॉनेट उघडून गिअरच्या दांड्या बघा. त्यांच्या टोकांना प्लॅस्टिकच्या वाट्यांचे गोल सांधे असतात. ते झिजले की खुंटी पिठल्यातल्या डावासारखी फिरते. सांधे बदला, ग्रीस लावा, निम्म्या गाड्या इथंच सुधारतात. गिअरबॉक्समध्ये दुकानातलं ९० नंबरचं जाड ऑइल घालू नका. ७५डब्ल्यू-८० घाला, साधारण दोन लिटर बसतं.

पेट्रोलवाल्यांपुढं नवी अडचण २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची आहे. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुने रबरी पाइप मऊ पडून चिरतात, कार्बोरेटरचे डायफ्राम आणि पंपाचा पडदा कडक होतो, आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरतं. पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या, क्लॅम्प नवे, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत एकदम. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका. पेट्रोलचा वास आला आणि गळती दिसली नाही, तर सापडेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. एवढं एक कडक पाळा.

डिझेलची सकाळची कुरकुर दोन कारणांनी असते. ग्लो प्लग चारही तपासा. वायर सुटी करून मल्टिमीटर लावला तर चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. दुसरं कारण हवा. फिल्टरपासून पंपापर्यंत तात्पुरता पारदर्शक पाइप लावा, बुडबुडे दिसले तर मागं मागं शोधत जा. जुन्या पंपाची रबरी सील कमी गंधकाच्या आजच्या डिझेलवर आकसून गळताना दिसतात, तेव्हा पंपाचं अंगही पुसून बघा. फिल्टरच्या तळाचं पाणी पावसाळ्यात महिन्यातून एकदा सोडा. इंजेक्टर चालू इंजिनावर सैल करताना बोट किंवा तळवा जवळ नेऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत जाते, आणि ती जखम सुईएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटलची असते.

हेडलाइट मंद असतील तर जास्त वॅटचे बल्ब लावू नका. सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो आणि तो वितळतो. दोन रिले लावा, बॅटरीपासून जाड वायर घ्या. त्याच दिवशी गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थची पट्टी काढून घासून लावा. सेल्फ अडखळणं, काटे नाचणं, अशा बऱ्याच भुताटकीचा उगम तिथं असतो.

ॲलॉय व्हील घ्यायची हौस असेल तर ध्यानात ठेवा, बोल्टचं वर्तुळ ४ बाय १०८ आहे. फोर्ड आयकॉनचंही तेच, म्हणून दुकानदार तीच पुढं करेल. पण प्यूजोचा मधला हब ६५.१ मिमी आहे आणि फोर्डच्या चाकाचं भोक त्याहून लहान. शिवाय प्यूजोला नट नाहीत, बोल्ट आहेत, आणि त्यांची बैठक चाकाशी जुळावी लागते. हातोडीनं बसवलेलं चाक हायवेवर नेऊ नका.

गंज बघायचा तो बॅटरीच्या ट्रेखाली, वायपरच्या खालच्या पन्हाळीत, जिथं आंब्याची पानं अडकून पाणी तुंबतं, आणि दाराखालच्या पट्टीत. तिथली पाणी जायची भोकं दर पावसाळ्याआधी तारेनं मोकळी करा. कोकणात गाडी राहत असेल तर खालून गोड्या पाण्यानं धुवून वाळवणं हे पॉलिशपेक्षा महत्त्वाचं. मागच्या ॲक्सलचे माउंट जिथं बॉडीला मिळतात तिथं स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. तो आत गेला तर आधी वेल्डिंग, मग बाकी सगळं.

राहिली कागदपत्रं. पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत तपासून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपायच्या काही महिने आधी ब्रेक, दिवे आणि धूर यांवर काम काढा. मुदत संपल्यावर धावपळ नको. विंटेज म्हणून नोंद पन्नास वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, कल्याणच्या प्यूजोला त्यासाठी २०४० च्या पलीकडे थांबावं लागेल. इंजिन बदललं असेल, झेन डिझेलचं बसवलं असेल, तर त्याचा नंबर आरसीवर चढवून घ्या. गाडी विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी चॅसिस नंबर हातानं कार्बन पेपरवर उतरवून आरसीशी ताडून पाहा, आणि मालक इंजिन आधीच गरम करून बसला असेल तर चहा घेऊन परत फिरा. थंड इंजिन बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.